डाव सोडू का?

घड्याळजींच्या मुलीची बदली समुद्रापलीकडच्या शहरात झाली, त्या वर्षी मी या घरात आलो. मित्रांनो, मी एक जुना माउस आहे. कारखान्यात माझ्यासारखे कितीतरी एकाच साच्यातून निघाले. हात मात्र मला एकच लाभला.

घड्याळजींची बायको आधीच गेली होती. घड्याळदुरुस्तीचं दुकानही बंद झालं होतं. बाबांचा वेळ जावा म्हणून मुलीने जाण्याआधी संगणक मांडून दिला आणि त्यात युद्धाचा एक खेळ लावून दिला. नकाशावर षटकोनी घरं, त्यांवर पायदळ, तोफा, रणगाडे आणि मधून वाहणारी नदी. समोर कुठल्यातरी गावचा अनोळखी माणूस. दिवसाला आपली एक खेळी, त्याची एक. घड्याळजी सुरुवातीला मला चिमट्याने धरावं तसं दोन बोटांनी धरत. मुलगी म्हणाली, "बाबा, तो कुठे पळून नाही जात. तळहात टेका त्याच्यावर." त्यांनी तळहात टेकला, तो कायमचाच.

खेळ त्यांना लवकर जमला. पण एक दुखणं मागे लागलं. समोरच्याचा एखादा पूल पडला, की तो कोपऱ्यातलं शरणागतीचं पांढरं निशाण दाबून निघून जाई. पडद्यावर अक्षरं येत, 'तुम्ही जिंकलात.' घड्याळजींचा हात माझ्यावर तसाच पडून राही. "जिंकलो म्हणे," ते रिकाम्या खोलीला सांगत. "अरे, पण खेळलो कुठे?" उघडलेलं घड्याळ मिटवल्याशिवाय त्यांनी उभ्या आयुष्यात दुकानाला कुलूप लावलं नव्हतं.

मग टिटवी भेटली. हे तिचं खेळातलं नाव. ती कुठल्याशा बंदरावर क्रेन चालवायची आणि कामाची पाळी संपली की खेळी करायची. पहिल्याच डावात तिचे रणगाडे चिखलात रुतले, रसद तुटली, तरी ती शेवटच्या तुकडीपर्यंत लढली. हरल्यावर तिने पटाखाली लिहिलं, "काका, झोडपलंत चांगलंच. उद्या परत मांडा." त्या दिवशी घड्याळजी हसले. हसताना त्यांचा तळहातही हलतो, हे मला तेव्हा कळलं.

पुढे पुष्कळ डाव झाले. सकाळचा चहा घेऊन ते बसत ते तिने काय केलंय हे बघायलाच. त्या घरात त्यांच्याशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

एका डावात मात्र त्यांची डावी बाजू कोसळली. "त्या पोरीला आता उगाच कशाला ताटकळत ठेवायचं?" असं पुटपुटून त्यांनी माझ्याच हातून पांढरं निशाण दाबलं. त्यांना वाटलं, हा आपला चांगुलपणा. पण मी तळहाताखाली होतो. तो घामेजला होता.

दुसऱ्या दिवशी टिटवीचा निरोप आला. "काका, किती दिवस मी त्या पुलाकडे सरकत होते. क्रेनवर बसूनसुद्धा डोक्यात तोच पूल. आणि तुम्ही तोंडावर दार लावून घेतलंत."

मग ती आलीच नाही. घड्याळजी रोज सकाळी बसत, माझ्यावर हात ठेवत, आणि काहीच करत नसत. चहा निवून जाई. शेवटी त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, "चुकलो. डाव मोडला तिथून परत मांडतो. तू पूल घे." त्या खेळात हवी तशी फौज मांडायची सोय होती. सबंध सकाळ ते आठवून आठवून मांडत होते. स्वतःची एकही तुकडी त्यांनी सोयीच्या घरात सरकवली नाही.

टिटवी आली. तिने पूल घेतला. तेव्हापासून दोघांत एक रीत पडली. ज्याला उठायचं असेल त्याने आधी विचारायचं, "सोडू का?" समोरच्याने म्हणायचं, "सोडा," नाहीतर, "अजून थोडं."

वर्षं गेली. माझ्यावरचा रंग त्यांच्या बोटांखाली झिजला आणि ती बोटंही थरथरू लागली. त्यांना टिचकी नीट मारता यावी म्हणून मी जपून सरकायचो. शेवटच्या डावात ते हरत होते. त्यांनी विचारलं, "सोडू का?" उत्तर आलं, "अजून थोडं, काका. सावकाश या."

त्यानंतर खोलीत आली ती त्यांची मुलगी. माझ्यावर धूळ बसली होती. पडद्यावर 'तुमची खेळी' असं लिहिलेलं होतं. तिने पटाखालचं सगळं बोलणं उभ्यानेच वाचलं, मग खुर्चीत बसून लिहिलं, "मी त्यांची मुलगी. बाबा गेले. त्यांचा डाव सोडू का?"

टिटवीचं उत्तर आलं. "थांबा. त्यांची खेळी तुम्ही करा. मग मी करते."

मुलीला खेळ येत नव्हता. तिने एक तुकडी पुढे सरकवली, तीही भलत्याच घरात. टिटवीने शेवटचा पूल घेतला. हात राखून खेळली नाही. खाली लिहिलं, "आता सोडा." मुलीने मला अलगद धरून पांढरं निशाण दाबलं.

आता मी खणात आहे. शेजारी त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग आहे. मित्रांनो, तुम्ही हराल तेव्हा वाईट वाटेल. पण पडद्यापलीकडे कोणीतरी चहा निवेपर्यंत तुमची वाट बघत असतं. उठण्याआधी त्याला एकदा विचारा.

घड्याळजी त्या शेवटच्या डावाच्या वर्षी, उन्हाळा लागताना, गुरुवारी सकाळी वारले. खेळी त्यांची होती.