भाचीचा सत्कार

दहावीचा निकाल लागला की नांदेडात सत्कारांचा हंगाम सुरू होतो. प्रत्येक समाजाचं एक मंडळ असतं, मंडळाचा एक मेळावा असतो आणि मेळाव्यात समाजातल्या गुणवंतांना एक ट्रॉफी, एक फाईल आणि अर्धा तास उपदेश मिळतो. लुंबिनीच्या कॉलनीत यंदा नऊ जण दहावीला होते. जुलैच्या मध्यापर्यंत आठ जणांच्या टीव्हीशेजारी ट्रॉफ्या आल्या. समोरच्या हमजाला बासष्ट टक्के, तरी त्याला दोन मिळाल्या: एक इथल्या बिरादरीची, एक मामूच्या गावच्या बिरादरीची.

लुंबिनीला ब्याण्णव टक्के होते. तिच्या घरी टीव्हीशेजारी रिमोट होता.

याला कारण पप्पा. विनोद सर कॉलेजात समाजशास्त्र शिकवतात. भोकरकडच्या बौद्ध घरातले. लातूरच्या लिंगायत घरातल्या सिंधुशी त्यांनी लग्न केलं, तेव्हा दोघांनी आडनाव सोडायचं ठरवलं, कारण आडनावावरून जात कळते. त्यानंतर लोकांना जात विचारायला थोडा जास्त वेळ लागू लागला, एवढाच काय तो फरक पडला. पोरीचं नाव ‘लुंबिनी सिंधु विनोद’. शाळेचा कंप्युटर आडनावाचा रकाना मोकळा सोडू देईना, तेव्हा बाबूनं कचेरीतल्या सवयीनं तिथं ‘निरंक’ टाकून दिलं. मार्कमेमोवर तेच छापून आलं. मैत्रिणीनं, जेबानं, मनापासून विचारलं होतं, “निरंक म्हंजे तुमच्यात मोठे असतेत का गं?”

जूनमध्ये पंढरीकाका घरी आले होते. ते नांदेडच्या बौद्ध मंडळाचे सचिव.

“सर, पोरीच्या मेमोची झेरॉक्स द्या. रविवारी आपल्या लेकरांचा कार्यक्रम हाय.”

“जातवार सत्कार मला मान्य नाही, काका.”

“जातवार कुठं म्हणून राहिलो सर? जात तर आपण छप्पन सालीच सोडली. समाजवार हाय.”

“तेच ते.”

पंढरीकाका चहा पिऊन उठले. जाताना म्हणाले, “तुमचं तत्त्व लई भारी हाय सर. पण ते पोरीनं कामून भोगावं?”

लुंबिनी आतून ऐकत होती. पप्पांचं बरोबर आहे हे तिला पटत होतं. आणि कुणीतरी एकदा माईकवरून आपलं नाव घ्यावं, ही आमची पोरगी म्हणावं, हेही तिला हवं होतं. दोन्ही एकाच वेळी कसं काय, हे पप्पांना विचारायची सोय नव्हती. ते एक पुस्तक काढून देतील, ही भीती होती.

पुढं ती अकरावीला आणि डॉक्टरकीच्या क्लासला लातूरला आली, दोन वर्षांसाठी, बसवंतमामाकडं. मामा दालमिलमध्ये कामाला. बहिणीच्या लग्नानंतर तो अकरा वर्षं बोलला नव्हता, त्याची भरपाई म्हणून आता गप्प बसत नाही.

“ब्याण्णव टक्के आन् एक बी ट्रॉफी न्हाई?” मामाला हा घराण्याचा अपमान वाटला. “आमच्या मंडळात देतो मी नाव. सिंधुची पोरगी म्हंजे आमचीच की.”

“पण मामा, मी तुमच्या समाजातली आहे का?”

मामानं जरा विचार केला. “अर्धी तर हायेस. अर्ध्यानं सेहेचाळीस टक्के होतेत. पास हायेस.”

“आणि पप्पा?”

“त्यांना मी सांगतो,” मामा म्हणाला. म्हणजे सांगणार नाही, हे दोघांनाही कळलं. लुंबिनी काही बोलली नाही. त्या न बोलण्याबद्दल तिला आठवडाभर वाईट वाटलं आणि आठवडाभर ती कोणता ड्रेस घालायचा याचाही विचार करत राहिली.

मंगल कार्यालय भरलं होतं. विद्यार्थी डाव्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, पाहुणे समोरच्या सोफ्यावर. सूत्रसंचालनाला निवृत्त हेडमास्तर रामलिंग सर. जो तो स्टेजवर जाऊन नाव, गाव सांगे आणि या समाजात जन्मलो याचा अभिमान वाटतो म्हणून खाली येई.

“कुमारी लुंबिनी हालकुडे, ब्याण्णव टक्के!”

टाळ्या पडल्या. लुंबिनीनंही वाजवल्या. आपल्याच नावाची दुसरी मुलगी निघाली, याचं तिला कौतुक वाटलं. मागून मामानं खुर्चीला गुडघा मारला, तेव्हा उजेड पडला.

अध्यक्ष हणमंतरावांनी ट्रॉफी हातात दिली. ऐंशीचे असतील. रामलिंग सरांनी माईक पुढं केला. ‘हालकुडे’ एवढंच म्हणायचं होतं. पण घरात पहिलीपासून पाठ करून घेतलेलं तोंडातून गेलं.

“माझं नाव लुंबिनी सिंधु विनोद.”

रामलिंग सरांनी यादी बघितली. “हालकुडे ना?”

“ते मामाचं.”

“मग तुझं?”

“नाही.”

“न्हाई कसं? गॅसचं कार्ड कोणत्या नावावर हाय?”

हॉल हसला. सरही हसले. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला, “वडील कोणत्यातले, बाळ?” माईक चालूच होता. प्रश्न पार मागं, पुऱ्या तळत होत्या तिथपर्यंत गेला.

“बौद्ध.”

“तरीच नाव जरा येगळं वाटलं मला,” सर म्हणाले.

कुणी ओरडलं तर काय बोलायचं, याची चार वाक्यं पप्पांनी तिच्याकडून पाठ करून घेतली होती. पण ओरडलं कुणीच नाही. ती वाक्यं नुसतीच पाठ राहिली. स्टेजवर चार डोकी एकत्र आली. ट्रॉफी परत मागणं शोभेना. तशीच ठेवावी तर पुढच्या सभेत कुणीतरी विचारणार. मग हणमंतरावांनी माईक ओढून घेतला.

“अरे, सिंधुची पोरगी म्हंजे समाजाची भाची! भाचीला रिकामं धाडतेत का? विद्यार्थी म्हणून नगं, पाहुणी म्हणून सत्कार करा हिचा!”

दिवसभरात कुणाला पडल्या नसतील इतक्या टाळ्या पडल्या. रामलिंग सरांनी ट्रॉफी हळूच काढून घेतली. “ही यादीतली हाय, बाळ.” तिच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. हणमंतरावांनी डोक्यावर हात ठेवला, तो खरोखर मायेचा होता. मग तिला सोफ्यावर नेऊन बसवलं, एक डॉक्टर आणि एक कृषी अधिकारी यांच्या मधोमध. सीलबंद पाण्याची बाटली आली. मागं मामा डोळे पुसत शेजाऱ्याला सांगत होता, “असला सत्कार कुणाचा झाला न्हाई बघा आज.”

ते खरंच होतं. लुंबिनीनं कुणावर तरी रागवायचा प्रयत्न करून पाहिला. मामावर जमेना. हणमंतरावांवर तर नाहीच. पप्पांवर थोडं जमलं, पण पप्पा तर इथं नव्हतेच, आणि त्यांनीच येऊ नको म्हटलं असतं.

“सगळ्या गुणवंतांनी फोटोसाठी स्टेजवर यावं!”

डावीकडची पोरं खुर्च्या सरकवत उठली. लुंबिनीही उठली. छातीला बिल्ला लावलेले एक काका लगबगीनं आले.

“तुम्ही बसा ताई. पाहुण्यांचा फोटो झाला मघाच.”

आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणी ‘तुम्ही’ म्हणत होतं. ती बसली. काकांनी खिशातून चिठ्ठी काढली.

“तुमची गाडी किती वाजताची? पाहुण्यांना स्टँडवर सोडायला ऑटो सांगितलाय.”

“मला गाडी नाही. मी इथंच राहते.”

“हितं? कोणाकडं?”

“मामाकडं.”

“किती दिवस?”

“दोन वर्षं.”

काकांनी चिठ्ठीकडं बघितलं, मग तिच्या शालीकडं. दोन वर्षं राहणाऱ्या पाहुण्याचं काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांचा चेहरा असा गोंधळला की लुंबिनीलाच त्यांची दया आली.

“मग... पाणी आणू का?” ते म्हणाले.

“आणा,” लुंबिनी म्हणाली. बाटली तिच्या हातातच होती.