सात नंबरचा डबा

तीस वर्षं आमच्या स्टुडिओत एका जुन्या बँडच्या टेपांवरची धूळ मी पुसली. आणि त्या जुन्या गाण्यांचं नवं रीमिक्स करायचं काम मालकांनी दिलं कुणाला? माझ्या मेव्हण्याला! वय बत्तीस, डोक्यावर भरगच्च केस. बायको गल्लीभर सांगत सुटली, "माझा भाऊ बरं का!" नवरासुद्धा त्याच स्टुडिओत आहे, हे बाईसाहेब विसरल्याच.

मग काय, सात नंबरच्या डब्यातला बँडच्या गायिकेनं नीट गायलेला टेक काढून मी माझ्या कपाटात कोंबला आणि त्या जागी फसलेला भरला. त्यात बाई अर्ध्या ओळीवर फिसकन हसतात आणि मला म्हणतात, "पुसून टाक रे हे." मी पुसला नव्हता. असला माल मी जपून ठेवतो. वर लेबल चिकटवलं: 'मूळ आवाज, एकच प्रत'.

"दाजी, दुसरा टेक नाहीच?"

"तूच शोध बाबा. आम्ही काय, धूळ पुसणारे."

शुक्रवारी सकाळी बाई आल्या. सत्तरीच्या, हातात काठी. त्या हो म्हणाल्या तरच गाणं बाहेर पडणार होतं. मी चहाचा कप घेऊन मागे उभा, फजिती बघायला.

गाणं सुरू झालं. पठ्ठ्यानं नेमकं ते हसूच उचललं होतं! दर चार ठोक्यांनी बाई खळखळून हसायच्या आणि त्यावर गिटार झेपावायची. माझा पाय ताल धरायला लागला. दुसऱ्या पायानं मी तो दाबला.

बाई डोळे पुसत होत्या. "बँडमध्ये शेवटी आम्ही नुसते भांडायचो रे. कधी हसलेही होते, हे विसरलेच होते. कुठे सापडलं?"

"दाजींनी जपलं होतं," मेव्हणा म्हणाला. "त्यांचं नाव पहिलं टाकायचं."

बाईंनी माझे दोन्ही हात धरले. मालकांनी पाठ थोपटली. असला अपमान माझा जन्मात झाला नव्हता.

बाहेर पडताना तो कानाशी आला. "दाजी, तीस वर्षांपूर्वीच्या लेबलाची शाई हाताला लागते होय?" आणि निळा अंगठा नाचवला.

"मग बोलला का नाहीस?"

"तुमची खोडी, वाया कशाला घालवायची?"

गाणं त्याचं, केस त्याचे, कौतुक त्याचं. खोड्या तेवढ्या माझ्या होत्या, त्याही त्यानं पळवल्या.

घरी बायको म्हणाली, "बघा, माझा भाऊ किती मोठ्या मनाचा आहे!"

मी जेवलोच नाही.