आकडे छाटलेली कादंबरी

दोन पुस्तकं एकमेकांवर आपटली की इतर गावांत टाळी वाजते. आमच्या परळीत ढग उठतो. वीजकेंद्राच्या धुराड्यांनी वर्षानुवर्षं आभाळातून पेरलेली राख, पिठासारखी मऊ आणि पारव्याच्या पंखासारखी करडी, पत्र्याच्या भोकातून उतरलेल्या दुपारच्या उन्हाच्या तिरिपेत क्षणभर तरंगायची, सोनेरी व्हायची, आणि त्या सुवर्णधुळीपलीकडे हबीबभाईंचा चेहरा उगवायचा. पांढरी खुरटी दाढी, कपाळावर घामानं चिकटलेली टोपीची कड, आणि किंचित वर उचललेली हनुवटी, जणू पुस्तक ही बघायची नव्हे, कान देऊन ऐकायची वस्तू आहे.

स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर त्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक बाकडं, एक कटाईचं यंत्र, पुठ्ठ्यांची उतरंड आणि मोरचूद घातलेल्या खळीचा तो आंबूस, निळसर वास. गळिताच्या दिवसांत वारा फिरला की साखर कारखान्याच्या मळीचा गोडघाण दर्प आत शिरायचा आणि खळीच्या वासाशी त्याची अशी काही गट्टी जमायची, की आजही कुठं मळीचा वास आला तर मला साहित्यावर बोलावंसं वाटतं. घरचे त्या वेळी दार लावून घेतात.

पण दुकानाचं खरं वैभव हबीबभाईंचे हात. दाभण उचलताना ती बोटं चाचपडायची नाहीत. तळ्यावर उतरणाऱ्या बगळ्यासारखी नेमकी, निःशब्द उतरायची. फाटक्या पानाच्या कडेवरून अंगठा असा फिरायचा, जसा तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरावा. दोऱ्याचं शेवटचं टोक ते दातानं तोडत, आणि शिवून झालेलं पुस्तक कानाशी नेऊन पानं एकदा फर्रकन सोडत. त्या आवाजावरून म्हणे त्यांना कळायचं, शिवण नीट बसली की नाही. एवढ्या खुणा समोर असताना मी, बत्तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस, त्यांतली एकही वाचू शकलो नाही. माझी विद्वत्ता ही अशी चौकस.

दर रविवारी दुपारी चारला आम्ही तिघं तिथं जमायचो. वीजकेंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर हयात घालवलेले बापूराव, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या शैलाताई, ज्यांना सारं गाव अजून 'सिस्टर' म्हणतं, आणि मी. कादंबऱ्या आणि सिनेमे हा विषय; मनुष्यजीवनाचा गूढार्थ हे माझं खातं. मी ते स्वतःच स्वतःकडे घेतलं होतं. 'एकाकीपणाची आदिम वेदना' हे शब्द मी उच्चारले की बापूराव बिडी शोधायला लागत आणि सिस्टर घड्याळ बघत. हबीबभाई मात्र हात वर करून मला थांबवायचे.

"सर, पैले गोष्ट. मतलब मागून."

हा त्यांच्या बैठकीचा कायदा होता. कोण कुठं बसलं होतं, आभाळ कसं होतं, ती दारातून परत फिरली तेव्हा तिच्या हातात काय होतं, हे सगळं खुलासेवार सांगायचं. त्याशिवाय अर्थाला हात लावायचा नाही. मला वाटायचं, बिचारा साधा माणूस, त्याला तत्त्वचिंतन झेपत नाही.

एकदा बापूरावांच्या घरी आम्ही सगळ्यांनी मिळून एक सिनेमा पाहिला. खेड्यातलं एक म्हातारं जोडपं, त्यातली म्हातारी निम्म्यावर जाते, एवढीच कथा. हबीबभाई सबंध वेळ पडद्याकडे पाठ करून, खिडकीतून लिंबाच्या पानगळीकडे तोंड करून बसले होते. मी लगेच मनात नोंद घेतली की ही दृश्याला नाकारून तत्त्वाकडे जाणारी रसिकता आहे, आणि पुढच्या रविवारी या 'दृश्यविन्मुख आस्वादा'वर पाऊण तास बोललोही. ते शांतपणे ऐकून घेऊन हबीबभाई म्हणाले, "त्या म्हाताऱ्याची चप्पल ऐकली का? आधी घाईघाईनं वाजत हुती. बायको गेल्यावर घासत चालला. वाट बघणारं कोण ऱ्हाईलं न्हाई ना घरी."

"आमाला तर कुटं दिसली न्हाई चप्पल," बापूराव म्हणाले.

"तुला नजर न्हाई बे," हबीबभाई म्हणाले, आणि बापूराव आठवडाभर रुसले.

मग ती कादंबरी आली. कुठल्याशा बंद पडलेल्या वाचनालयाच्या रद्दीतून हबीबभाईंनी ती वाचवली होती. पुढची आणि मागची पानं गेलेली, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही, प्रकरणांना आकडे नाहीत; वाळवीनं खालची कड कुरतडलेली. प्रत एकच आणि वाचणारे अनेक, म्हणून त्यांनी तिचे चार भाग केले. चौघांचे चार, असं त्या वेळी आम्हाला वाटलं. कुरतडलेली कड यंत्राखाली घालून साफ छाटली आणि तिच्याबरोबर पानांचे आकडेही गेले. मग प्रत्येक भागावर एक ते चार अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. आधी मी वाचायचं, माझ्यामागून बापूरावांनी, मग सिस्टरनी, असा क्रम ठरला. आपली पाळी हबीबभाईंनी शेवटी मागून घेतली. "मी तवर ऐकतो," म्हणाले.

मी पहिला भाग संपवला. त्याचं शेवटचं वाक्य होतं, 'दार उघडून तो म्हणाला,' आणि दुसरा भाग उघडताच, 'गोवऱ्या तशाच भिजत पडल्या होत्या.' कोणाही शहाण्या माणसाला इथं शंका आली असती. मला साक्षात्कार झाला. मी समासात लिहिलं, 'संवादाची अशक्यता!' त्या भागात नायकाची आई मरते. तिसऱ्या भागात पहिल्याच ओळीला नायक म्हणतो, 'आई, भूक लागलीय,' आणि आई चुलीपुढे बसून भाकरी थापते. आता मात्र माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. त्या रविवारी मी उभा राहून बोललो. काळाची सरळ रेषा लेखकानं कशी मोडली, मृत्यू हा पूर्णविराम नसून स्वल्पविराम कसा आहे, स्मृती ही चूल कशी आहे.

"ओ सर," बापूराव म्हणाले, "म्हातारी मेली हुती ना मागल्या ऐतवारी?"

"ती त्याच्या स्मृतीत जिवंत आहे, बापूराव."

"स्मृतीतल्या भाकरीला मीठ कमी पडतंय म्हून बाप कावून ओरडतोय मग?"

मी त्यांच्याकडे करुणेनं पाहिलं. पण हबीबभाईंचा हात खळीच्या भांड्यावरच थांबला होता.

"आमची अम्मा गेली ना," ते म्हणाले, "तवा चार दिवसांनी मी बाहेरून आलो आन् दारातूनच म्हणालो, अम्मा, भूक लगी. सवयीनं निघालं तोंडातून. घरात सगळे गप. मग भाबीनं भाकर वाढली." मग म्हणाले, "लेखकाला कसं म्हाईत, सर?"

माझ्या पाऊण तासाच्या भाषणात नव्हतं ते या चार वाक्यांत होतं. मी अर्थातच मान हलवून त्याचं श्रेय लेखकाला आणि थोडंसं स्वतःला घेतलं.

पंधरा दिवसांनी सिस्टर आल्या त्या तिन्ही भाग छातीशी धरून, आणि आयुष्यभर चुकीच्या गोळ्या पकडत आलेल्या बाईच्या चेहऱ्यानं. पहिल्या भागाचं शेवटचं पान आणि तिसऱ्याचं पहिलं पान त्यांनी बाकड्यावर शेजारी शेजारी ठेवलं. 'दार उघडून तो म्हणाला,' 'आई, भूक लागलीय.'

"सर," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "दुसरा भाग तिसरा आहे आणि तिसरा दुसरा. म्हातारी आधी भाकरी करते, मग मरते. जगात बहुतेक असंच असतं."

बापूराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. "स्वल्पविराम!" ते पाणी पिता पिता म्हणाले, "सरचा स्वल्पविराम गेला चुलीत!"

इथं मी हसलो असतो तर ही हकिगत नुसती गमतीची राहिली असती. पण अपमानित विद्वानासारखा क्रूर प्राणी नाही. मी दुसरा भाग उचलला आणि हबीबभाईंच्या नाकासमोर धरला. "चूक माझी नाही. चिठ्ठ्या यांनी लावल्यात. वाचा, काय लिहिलंय यावर? वाचा!"

हबीबभाईंनी हनुवटी किंचित वर उचलली. "तीन," ते म्हणाले.

चिठ्ठी दोनची होती, आणि रागाच्या भरात मी तो भाग उलटा, कोरी बाजू पुढे करून धरला होता.

सिस्टर पुढे झाल्या, हबीबभाईंच्या डोळ्यांसमोर हात नेला, आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "शुगर? कधीपासून?"

"साल झालं," हबीबभाई म्हणाले. "डॉक्टर म्हणाले पडदा गेला. उजेड कळतो. माणूस आवाजावरून कळतो. पुस्तक बोटांना कळतंच हाय." मग दोरा बोटाला गुंडाळत म्हणाले, "सांगितलं न्हाई, कारण तुमी हळू बोलायला लागले असते. आजाऱ्याजवळ माणूस भांडत न्हाई. ऐतवार बंद पडला असता, सर. माझ्याकडं दुसरं वाचन काय ऱ्हाईलंय?"

माझ्या हातातला तो भाग एकाएकी फार जड झाला. गोष्ट आधी का हवी होती, पाठ पडद्याकडे का होती, पाळी शेवटची का मागितली होती, सगळी उत्तरं रांगेनं आली आणि मला ओलांडून पुढे गेली. आम्ही तिघंही अगदी ज्या गोष्टीची त्यांना भीती वाटत होती तीच करत होतो. हळू, जपून श्वास घेत उभे होतो. अजून अर्धा मिनिट तसंच गेलं असतं, तर ऐतवार खरोखर संपला असता.

वाचवलं बापूरावांनी. त्यांनी बाकड्यावर मूठ आपटली.

"थांब बे हबीब! म्हंजी तुला दिसत न्हवतं, आन् त्या चपलीवरून मला म्हणालास, तुला नजर न्हाई? आठ दिस रुसून बसलतो मी! आठ दिस!"

हबीबभाई आधी ओठात हसले, मग खांद्यांनी, मग सबंध. "मग काय खोटं हाय का? मला न्हवतं दिसत तरी ऐकू आली. तुला दोन डोळे आन् दोन कान, चार खिडक्या उघड्या आन् घरात कोणी न्हाई!" आणि तिथून जे भांडण पेटलं, त्यात सिस्टरनी हबीबभाईंना औषधावरून, बापूरावांनी सिस्टरना हुकूमशाहीवरून आणि तिघांनी मिळून मला सगळ्यावरून झोडपलं. इतका सुंदर मार मी आधी कधी खाल्ला नव्हता.

चैत्र लागल्यावर त्या चार भागांचं पुन्हा एक पुस्तक करायचं ठरलं. मी एकेक भाग हबीबभाईंच्या हातात देत होतो. पहिला दिला. मग तीनची चिठ्ठी नीट पाहून, भाग सुलट धरून, म्हणालो, "आता हा खरा दुसरा."

त्यांनी हात पुढे केला नाही. "तसं शिवलं तर अम्मा शेवटी मरूनच जाती ना?"

"हो."

"मग तुमच्यासारखंच शिवू, सर. तुमचा मतलब खोटा हुता, पर गोष्ट बरी हुती."

सिस्टरनी आक्षेप घेतला नाही. त्यांनी सुईत दोरा ओवून दिला. बोटं बगळ्यासारखी उतरली, दोरा भागांतून सरसरत गेला, पहिल्यामागून आई मरते तो, त्याच्यामागून ती भाकरी थापते तो, आणि शेवटचं टोक दातानं तोडून हबीबभाईंनी पुस्तक कानाशी नेलं. फर्र. "बसली," ते म्हणाले.

आता दुकान बंद आहे. त्यांची मुलगी त्यांना उदगीरला घेऊन गेली आणि ते बरंच झालं. तिथं दिवसातून दोनदा त्यांच्यावर ओरडणारं माणूस आहे. रविवारी चारला आम्ही बापूरावांच्या ओसरीवर फोन मधोमध ठेवून बसतो. मी घसा साफ केला की पलीकडून आवाज येतो, "पैले गोष्ट!" आणि मी निमूटपणे आभाळ कसं होतं इथून सुरुवात करतो. ती कादंबरी माझ्याकडे आहे. अधूनमधून मी ती दुसऱ्या एका पुस्तकावर आपटतो, राखेचा ढग उन्हात चढतो, आणि त्याच्यापलीकडे चेहरा उगवेल म्हणून मी उगाच थोडा वेळ थांबतो. काळ सगळ्यांच्या पानांवर आकडे घालत जातो आणि गेलेल्याला मागच्या पानात ठेवतो, हे मला मान्य आहे. पण आकडे छाटून टाकलेलं एक पुस्तक घरात असावं, ज्यात माणूस भुकेला दारात आला, की कालच गेलेलं कोणीतरी चुलीपुढून मान वळवून बघतं आणि पीठ मळायला काटवट ओढून घेतं.