हणमंतरावांनी पारखून आणलेली फुंकणी

मी बोलतोय. बेंगळुरातल्या जे. पी. नगरात हणमंतरावांच्या व्हरांड्यात खिळ्याला टांगलेला मी, अंगणातली पानं उडवायचं यंत्र. दुकानात मला ब्लोअर म्हणत. या घरात माझं नाव फुंकणी. पुरुषासारख्या पुरुषाला असलं चुलीपुढचं नाव दिलं म्हणून आधी मला रागच आला होता. पण ते ठेवणारीचं तोंड बघितलं आणि राग गिळून टाकला. माझा आवाज मोठा, पोटात काही राहत नाही, तेव्हा मनातलं सांगूनच टाकतो.

माझा जन्म पीण्यातला, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागातला. पत्र्याच्या छपराखाली एक छोटा कारखाना होता, तिथं एका मुलीनं माझा पंखा बसवला, मोटर जोडली, स्क्रू आवळले. खाली बॅटरी सरकवून तिनं बटण दाबलं आणि मी पहिल्यांदा ओरडलो. तिच्या टेबलावरचे चहाचे कागदी कप उडून पार दारापर्यंत गेले. ती खळखळून हसली, ‘पास’ म्हणाली आणि मला खोक्यात घातलं.

पण माझ्यात एक खोट राहिली होती. माझं लांब नळकांडं अंगाला जिथं बसतं, तिथं केसभर फट होती. हवा सुटली की तिथून बारीक खडखड यायची. त्या पोरीला ती ऐकू आली नाही. शेजारी धडाधडा प्रेस चालू असताना कुणाला येणार हो?

तिथून मी चिकपेटेच्या बाजारात आलो, हयवदन यांच्या दुकानात. हयवदन यांचं घराणं बेंगळुरातलं जुनं मराठी. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड, आणि दोन्ही गोड. दोन्ही बाजूंना साड्यांची दुकानं आणि मध्ये यांचं पंप, पाइप, गवत कापायच्या यंत्रांचं. मी वरच्या फळीवर बसून गिऱ्हाईक बघायचो. माणसं यायची, मोबाइलमधला फोटो माझ्याशी ताडून बघायची आणि निघून जायची. एका पुण्याच्या मुलानं विचारलं, “माझ्याकडे फक्त बाल्कनी आहे, दोन कुंड्या आहेत. याचा यूज होईल का?” हयवदन म्हणाले, “होईल की. पण कुंड्या पण उडतील, सरी का?” ‘सरी’ म्हणजे कन्नडात ‘ठीक’.

अशात एक दिवस हणमंतराव आले. मागोमाग त्यांची बायको मथुराबाई, हातात साड्यांची पिशवी. ही मंडळी मूळची निपाणीकडची. हणमंतरावांची सगळी नोकरी पीण्यातच गेली, आणि तीही मालाच्या तपासणीत. समोर येईल तो भाग मापायचा, कानाशी धरायचा, खोट दिसली की त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. लाल ठिपका म्हणजे रिजेक्ट. नोकरी संपली तरी हातातला तो रंग काही वाळला नाही. कुकर, छत्री, भेंडी, सगळ्यांची तपासणी चालूच. बाई म्हणायच्या, “यांनी मला तेवढं पास केलं बघा. ते तरी कुठलं? सासूबाईंनी केलं, हे नुसते बघत बसलेले.”

यंत्र हवं होतं ते बाईंसाठीच. त्यांचं घर जुनं, पुढं ऐसपैस फरशीचं अंगण आणि कुंपणाला लागून करंजाचं झाड. या गावात त्याला सगळे होंगे म्हणतात, आता हीही मंडळी तसंच म्हणतात. होंगेचं एक वाईट, त्याची पानं गळायची थांबतच नाहीत. आणि बाईंचा नेम असा की उजाडलं की अंगण झाडायचं, सडा टाकायचा, रांगोळी घालायची, मगच चहा. कामाला येणारी बाई उन्हं वर आल्यावर यायची, तिची वाट कोण बघणार? त्यात बाईंचा उजवा खांदा आखडलेला. आदल्या पावसाळ्यात ओल्या पानांवरून एकदा घसरल्याही होत्या. थोडक्यात वाचल्या. तेव्हाच त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, “अहो, मला ते पानं उडवायचं काहीतरी आणा. मला आता वाकवत नाही.”

आणि तेव्हापासून हणमंतराव निवडतच होते.

“पेट्रोलचं नको,” ते हयवदनना सांगत होते. “धूर होतो, वजन फार, आणि दोरी ओढून चालू करायला हिचा खांदा कुठाय? वायरचं पण नको. ओल्या अंगणात वायर ओढत फिरायची म्हणजे आपणच संकट बोलवायचं. बॅटरीचंच पाहिजे. हलकं पाहिजे. वारा कमीजास्त करता आला पाहिजे, नाहीतर पानांबरोबर शेजारणीच्या वाळवणाचं पण उड्डाण.”

मी फळीवर ताठ झालो. अहो, हे सगळं म्हणजे मीच की! हयवदननी मला खाली काढलं. हणमंतरावांनी मूठ दाबून बघितली, अंगावरून बोट फिरवलं, वजन तोललं आणि मान हलवली. माझं काळीज सुपाएवढं झालं. मग त्यांनी बटण दाबलं, डोळे मिटले आणि कान माझ्याजवळ आणला.

“खडखडतंय,” ते म्हणाले.

“स्वल्प आवाज आहे अण्णा, वापरता वापरता बसेल.”

“बसत नसतंय ते, वाढतं. आज खडखडलं ते उद्या तुटलं. दुसरा पीस दाखवा.”

“दुसरा आता नाही. पुढच्या मालात येईल.”

“मग पुढच्या मालात बघू.”

बाई पुढं झाल्या. पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात माझ्याकडे केला. “बघू तरी, मला झेपतंय का. अहो, हेच घेऊ या की. पावसाळा तोंडावर आलाय.”

“चार दिवस थांब गं. आणायचं तर चांगलंच आणतो तुला,” हणमंतराव म्हणाले, आणि बाईंचा हात पोचायच्या आत त्यांनी मला परत काउंटरवर ठेवून दिलं. तो पुढं आलेला हात मला अजून दिसतो. बाईंनी तो पदराला पुसला आणि “चला” म्हणाल्या.

माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगतो. बायकोवर जीव होता, म्हणून तर खोट असलेली वस्तू तिच्या हातात द्यायची नव्हती. पण तोवर स्वतः खराटा घेऊन चार हात मारावेत, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. रोज सकाळी बाई झाडायच्या आणि हे पायरीवर बसून मोबाइलवर ब्लोअर बघायचे. हे मला नंतर शेजारच्या शिवलीलाअक्कांच्या तोंडून कळलं.

पुढचा माल आला, त्यातल्या एका पीसची मूठ त्यांना खरखरीत लागली. नंतरच्यात बॅटरी घट्ट बसत होती. फोनवरून ते हयवदनना खोदून खोदून विचारायचे आणि हयवदन “सरी अण्णा, सरी अण्णा” म्हणत कपाळाला हात लावायचे. बाकीचे पीस विकून गेले. मी तेवढा राहिलो, वरच्या फळीवर, धूळ खात. धूळ उडवायला जन्मलेलं यंत्र धूळ खातंय, काय म्हणावं याला?

मग पाऊस सुरू झाल्यावर हणमंतराव एकटेच आले. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकलेलं. माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, “तो द्या.”

“अण्णा, हा तोच पीस आहे. तुम्ही परत ठेवला होता बघा. ती खडखड अजून...”

“असू दे.”

“चालू करून बघा तरी.”

“नको.”

हयवदननी मला पुसलं. पुसता पुसता विचारलं, “अक्का कुठं? दिसल्या नाहीत.”

“हॉस्पिटलात आहे,” हणमंतराव म्हणाले. “अंगणात पडली. ओली पानं होती. खुबा मोडला.”

नेहमी दारापर्यंत सोडायला येणारे हयवदन त्या दिवशी रिक्षापर्यंत आले. हणमंतरावांनी मला पोटाशी धरून घरी आणलं. वरातीमागून घोडं म्हणतात ना, ते मीच.

बाईंचं ऑपरेशन झालं, त्या घरी आल्या. आता वॉकर धरून घरातल्या घरात चार पावलं टाकतात. अंगणात उतरायला तीन पायऱ्या आहेत, तेवढ्या काही जमत नाहीत. डॉक्टरांनी तसं तोंडावरच सांगितलं. त्यांची खुर्ची खिडकीशी ठेवली आहे. तिथून सगळं अंगण दिसतं.

पहिल्या सकाळी हणमंतरावांनी मला चालू केलं. मी जीव तोडून फुंकलं. पानं झरझर कुंपणाकडे पळाली. बाई खिडकीतून म्हणाल्या, “अगं बाई! एवढी मोठी फुंकणी!” आणि हसल्या. त्या घरात परतल्यापासून पहिल्यांदा हसल्या म्हणे. तेच माझं नाव पडलं. मग कान देऊन म्हणाल्या, “ती तुमची खडखड, ती ही होय?”

हणमंतरावांनी मला बंद केलं. आत जाऊन सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी कापून आणली, नळकांड्याच्या सांध्याला वेढा दिला, नळकांडं दाबून बसवलं आणि परत बटण दाबलं. खडखड गेली. गॅसवर चहाला उकळी यायच्या आत काम झालं.

खिडकीतून बाईंनी विचारलं, “एवढंच होतं होय?”

टोमणा नव्हता हो तो. त्यांनी सहज विचारलं. पण हणमंतराव खिडकीकडे न बघता मला खिळ्याला टांगायला गेले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोडक्या सायकलीच्या चिंधीएवढ्या रबराचा प्रश्न, आणि त्यापायी एका बाईचं अंगण गेलं.

आता रोज सकाळी हणमंतराव मला काढतात. तपासणी आता बाई करतात. “त्या तुळशीमागं राहिलं. गटाराच्या तोंडाशी बघा. अहो, पानं शिवलीलाच्या दारात नका लोटू!” ते गुमान ऐकतात. अंगण आता आरशासारखं असतं. पण रांगोळी पडत नाही. शिवलीलाअक्का कधीमधी दोन रेघा ओढून जातात, बाई “छान आली गं” म्हणतात आणि तोंड फिरवतात. मग हणमंतराव मला खिळ्याला टांगतात. शेजारच्या खिळ्याला बाईंचा खराटा आहे. आमचं दोघांचं फारसं बोलणं नाही. तो कामाचा होता तेव्हा मी नव्हतो, आणि मी आलो तेव्हा बाई अंगणात उरल्या नव्हत्या.

तुम्ही माझ्यासारखं कुणी घ्यायला गेलात तर वजन बघा, आवाज बघा, बॅटरी किती चालते ते विचारा. जरूर बघा, आम्ही काही रागवत नाही. पण ज्याच्यासाठी घेताय त्याच्या हातात आधी द्या. आणि खोट केसभर असली तर घरी नेऊन बुजवा. तोवर घरात खराटा असतोच, आणि हात तुम्हालाही आहेत.

परवाची गोष्ट सांगतो आणि गप्प बसतो. अंगण झालं होतं. हणमंतराव मला टांगायला निघाले, तेवढ्यात बाईंनी हाक मारली. “अहो, इकडं आणा बघू ती. त्या दिवशी दुकानात बघायचं राहिलंच की माझं.”

त्यांनी मला बाईंच्या मांडीवर ठेवलं. बाईंनी उजव्या हातानं, त्याच आखडलेल्या खांद्याच्या हातानं, माझी मूठ धरली आणि मला उचललं. जरा वर, मग अजून जरा वर. दुखलं असतं तर कळलं असतं मला, हात कापला असता. नाही कापला.

“हलकी आहे की हो,” त्या म्हणाल्या. मग खिडकीबाहेर त्या स्वच्छ अंगणाकडे बघत राहिल्या. “झेपली असती मला.”

हणमंतराव खाली वाकून माझ्या सांध्यावरची रबराची पट्टी चाचपत राहिले. ती घट्टच होती.