मिरी माजावर आली तेव्हा

मिरी शिट्टीला कधी चुकली नव्हती. अग्निशमन केंद्रामागच्या मैदानावर पाडलेल्या इमारतींचा राडारोडा रचून सरावासाठी एक ढिगारा केला होता. त्यात कुठेतरी एखादा जवान दडून बसायचा आणि मिरी नाक वर करून, वाऱ्याचा अंदाज घेत त्याला हुडकून काढायची. माणूस सापडला की भुंकायची आणि शिकवणारी तिथे पोचेपर्यंत जागची हलायची नाही.

त्या सकाळी मात्र ती ढिगाऱ्याकडे गेलीच नाही. कुंपणाच्या कडेकडेने हुंगत फिरली, चार पावलांवर थांबून थोडी थोडी लघवी केली, पुन्हा हुंगत राहिली. शिकवणारीने शिट्टी वाजवली. मिरीने मान वळवून पाहिलं आणि पुन्हा कुंपणात नाक खुपसलं. तेवढ्यात केंद्रातला दुसरा शोधकुत्रा, सरदार, शेपूट हलवत जवळ आला. ही दोघं एकाच ताटात खाणारी. पण मिरी त्याच्यावर अशी गुरगुरत धावली की तो बिचारा दोन पावलं मागे सरला. गेला मात्र नाही. जिभल्या चाटत तिच्या मागे मागेच राहिला.

मिरीला शिकवणाऱ्या बाईला घरी थोरली म्हणत आणि केंद्रावर ताई. बंब चालवणं हे तिचं मूळ काम. मिरीला तिने एका वीटभट्टीवरून पिल्लू असताना आणलं होतं, तेही केंद्राच्या साहेबांशी वाद घालून. साहेबांचं म्हणणं होतं, मादी नको, ऐन वेळी दगा देईल. थोरली हटून बसली होती, आणि गेलं दीड वर्ष मिरीने तिची मान वर ठेवली होती. आता पथकात दाखल व्हायची परीक्षा तोंडावर आली होती.

सरदारला सांभाळणाऱ्या काकांनी काँक्रीटच्या फरशीकडे बोट दाखवलं. लाल थेंब पडले होते.

"पायाला काही लागलं का बघा," थोरली घाबरून म्हणाली.

"लागलं नाही. माजावर आलीय पोरगी," काका म्हणाले.

साहेब लांबून सगळं पाहत होते. जवळ येऊन ते एवढंच म्हणाले, "मी आधीच बोललो होतो ताई. परीक्षेचं काय करायचं ते बघा. तोवर हिला इथे ठेवू नका. बाकीच्यांचं कामात लक्ष लागणार नाही."

थोरलीने मिरीच्या गळ्यात पट्टा अडकवला. मिरीची पहिली पाळी वर्षभरापूर्वी कधी आली आणि कधी गेली ते कळलंही नव्हतं. दोन-चार थेंब, बस्स. त्यामुळे ही गोष्ट इतकी मोठी असते, हेच तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

दुपारी ती मिरीला घेऊन प्राण्यांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या, पण थोरलीचा चेहरा पाहून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"शिकवलेलं सगळं विसरली हो," थोरली म्हणाली.

"विसरली नाही. तुमच्या शिट्टीपेक्षा मोठ्याने तिला दुसरं काहीतरी ऐकू येतंय. ते बंद करणं तिच्या हातात नाही, तेव्हा शिक्षा करू नका." मग त्यांनी पुढचं सगळं नीट सांगितलं. आता ती चिडेल, कुत्र्यांना जवळ येऊ देणार नाही. आठ-दहा दिवसांत रक्त फिकं होईल आणि मग नेमकं उलट होईल. शेपूट बाजूला करून उभी राहील, दार उघडं दिसलं की पळेल. "खरी काळजी तेव्हाची. रक्त थांबलं म्हणजे संपलं असं समजू नका. सगळं मिळून तीनेक आठवडे तरी धरा. पट्टा सोडायचा नाही, अंगणातसुद्धा नाही. दमवू नका, पण डोकं रिकामं ठेवू नका. घरातल्या घरात वस्तू लपवा, शोधायला लावा."

"आणि परीक्षा?"

"नियमात बसत असेल. माजावरच्या कुत्रीला सगळ्यात शेवटी घेतात. पण ती देऊ शकेल का, ते तुम्हीच ठरवा. तिला तुमच्याइतकं कोण ओळखतं?"

मिरी आजवर केंद्राच्या आवारातच राहत आली होती. आता तिला घरी न्यायची, म्हणजे आईच्या राज्यात न्यायची. आई जन्मभर बसमध्ये कंडक्टर होती. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून रस्त्यावरच्या रहदारीला नावं ठेवायची. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, पण आई फाटकापलीकडे पाऊल टाकायला तयार नव्हती. पडले तर, एवढं एकच तिचं म्हणणं.

"हे काय घेऊन आलीस?" तिने मिरीकडे चष्म्यावरून पाहिलं.

"आई, तिची पाळी आलीय. थोडे दिवस राहू दे."

आईने काठी गालिच्याच्या कडेला टेकवली. मग म्हणाली, "माझ्या गालिच्यावर नाही बसायचं."

पहिले दिवस कठीण गेले. मिरीने खाणं अर्ध्यावर आणलं. रात्रंदिवस तिला थोरलीच्या पायाशीच बसायचं असे, आणि कुणी हात लावायला गेलं की गुरगुरायची. मध्येच उठून आपलं अंथरूण उकरायची आणि त्याचा चोळामोळा करून कोपऱ्यात नेऊन ठेवायची. फरशीवर डाग पडत. दुकानातून आणलेली चड्डी तिने घटकाभरात फाडली. ते पाहून आईने कपाटातला आपला जुना खाकी शर्ट काढला, कात्री मागवली आणि मशीनवर बसून शेपटीला भोक ठेवलेली, बंदांची एक चड्डी शिवून दिली.

"या कापडाने तीस वर्षं माझी धुणी सोसलीत. हिच्या दातांना काय दाद देतंय?" आई म्हणाली. खरंच, ती चड्डी टिकली. आईने बदलायला आणखी दोन शिवल्या.

थोरलीने आपलं वागणं बदललं. मिरी गुरगुरली की ती ओरडायची नाही, हात मागे घ्यायची आणि तिची ती जवळ येईपर्यंत थांबायची. फिरायला नेताना कुत्री नसलेला कालव्याकाठचा रस्ता धरायची. बाहेरच्या दाराच्या आत तिने आणखी एक फळ्यांचं बुटकं दार बसवलं, एक बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही असा नियम. संध्याकाळी घरात मोजे लपवण्याचा खेळ चाले. कधी डब्याच्या मागे, कधी उशीच्या अभ्र्यात. सुरुवातीला मिरी अर्ध्यात सोडून निघून जायची. मग हळूहळू एक मोजा शोधू लागली, मग दोन. एकदा आईने मोजा स्वतःच्या पदराखाली लपवला. मिरीने खोलीभर चक्कर मारली आणि सरळ येऊन आईच्या मांडीवर नाक टेकवलं.

"लबाड आहे," आई म्हणाली. पण तिचा हात मिरीच्या डोक्यावर गेला होता, आणि मिरी गुरगुरली नाही.

दुसऱ्या आठवड्यात सगळा नूर पालटला. मिरी एकदम लाडात आली. फाटकाबाहेर आळीतल्या कुत्र्यांची सभा भरू लागली. एक काळा, एक लंगडा, एक पट्टा घातलेला कुठल्यातरी चांगल्या घरचा. मिरी खिडकीत उभी राहून बारीक आवाजात कण्हत राही. आई आतून ओरडायची, "पुढे सरका, पुढे सरका, इथे थांबायचं नाही." कुत्री ऐकत नव्हती, पण आईला बरं वाटत होतं.

आणि एके दुपारी जे व्हायचं तेच झालं. थोरली कामावरून परतली, तर बाहेरचं दार सताड उघडं आणि आतलं बुटकं दार कलंडलेलं. घरात मिरी नव्हती. आईही नव्हती. आईचा फोन टेबलावर होता, चपला दारात होत्या. काठी मात्र जागेवर नव्हती.

समोरच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं, गॅसचा माणूस सिलिंडर आत नेत असताना कुत्री त्याच्या पायांमधून निसटली. "तुमच्या आई हाका मारत मागे गेल्या. मला वाटलं, कोपऱ्यावरून परत येतील. आता तास होत आला."

थोरली तशीच पळत सुटली. खुब्यात धातूचा सांधा, पायात घरातल्या सपाता, आणि जी बाई फाटकाबाहेर जात नव्हती ती तासभर रस्त्यावर. तिने दोन गल्ल्या पालथ्या घातल्या, बागेत पाहिलं, दवाखान्यात विचारलं. मग काकांना फोन लावला. 

"तू घरीच थांब. मी सरदारला आणतो," काका म्हणाले.

"काका, आईच्या वासावर लावायचं तर तिची शाल देते, पण..."

"शाल राहू दे. गेले दहा दिवस या गाढवाला एकच वास सुचतोय. आज त्याला म्हणणार आहे, जा बाबा."

केंद्राची गाडी आली तेव्हा काकांच्या शेजारी साहेबही बसलेले होते.  सरदारला लांब दोरी लावून उतरवलं, आणि जमिनीला नाक लागताच तो असा निघाला की काकांना धावावंच लागलं. इस्त्रीवाल्याच्या दुकानावरून, शाळेच्या भिंतीलगत, दोन रस्ते ओलांडून. एकदाही अडखळला नाही. पुढे काका, मागे थोरली, तिच्या मागे धापा टाकत साहेब, आणि सगळ्यांच्या मागून ड्रायव्हरने हळूहळू आणलेली गाडी. थोरली मनात हिशोब करत होती, इतकं लांब आई येणंच शक्य नाही. सरदार मिरीपाशी नेईल, पण आई वाटेतच कुठेतरी पडली असेल.

जुन्या बसथांब्यापाशी सरदार थांबला. तिथे पूर्वी तिकिटं देण्याची एक पत्र्याची खोली होती, आता बंद पडलेली. खोलीभोवती पाच-सहा कुत्री बसली होती. आणि तिकिटाच्या खिडकीतून आईचा आवाज येत होता.

"जागा नाही म्हटलं ना एकदा? किती वेळा सांगायचं?"

थोरलीने खिडकीतून आत पाहिलं. आई एका मोडक्या स्टुलावर बसली होती. साडीचा काठ चिखलाने माखलेला, एक सपात गायब. काठी दाराच्या कडीत आडवी घातलेली. मिरी तिच्या पायांशी बसली होती, आणि आईने तिचा गळपट्टा मुठीत असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

"आई, लागलं का कुठे?"

"मला काय होतंय? तो काळा मात्र फार चिवट आहे. खिडकीतून चढायला बघत होता."

"आणि मिरी? म्हणजे... कुणी..."

"चड्डी जागेवर आहे," आई म्हणाली. "आणि सीटपर्यंत कुणाला पोचू दिलेलं नाही."

काकांनी सरदारला आवरून गाडीच्या मागच्या पिंजऱ्यात कोंडलं. साहेबांनी बाकीच्यांना पांगवलं. दार उघडून थोरली आत गेली आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. आईने तिची पाठ थोपटली, एका हाताने. दुसरा हात अजून गळपट्ट्यावरच होता.

"अगं, ही पळाली तेव्हा मागे फिरावं असं सुचलंच नाही. इथे या कुत्र्यांनी तिला अडवली, तेव्हा गाठली. चालताना पाय दुखतोय हेसुद्धा लक्षात आलं नाही," आई म्हणाली. "आता मात्र दुखतोय."

परतताना गाडीत साहेबांनी मागे पिंजऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "सरदार आज सुतासारखा सरळ गेला."

"हो," काका म्हणाले. "आणि मैदानावर त्या दिवशी ढिगाऱ्याकडे तोही फिरकला नव्हता, साहेब. दोघांचंही डोकं ठिकाणावर नव्हतं. बोल एकटीला बसले."

 घर जवळ आल्यावर साहेब थोरलीकडे वळले. "परीक्षेत शेवटी सोडायला सांगतो मी. द्यायची आहे का?"

थोरलीने मिरीकडे पाहिलं. ती आईच्या पायावर हनुवटी टेकून डोळे मिटून पडली होती, पण कान सारखे हलत होते. "नको साहेब. रेटून नेलं तर ढिगाऱ्यावर चढेलही. पण तिला काम आवडेनासं होईल. हिवाळ्यातल्या परीक्षेला बसवते."

"ठीक आहे. जागा राखून ठेवतो," साहेब म्हणाले. "आणि पुढच्या वेळी आधी सांगा. दोघांच्या सरावाच्या वेळा वेगळ्या करू. एवढंच तर करायचंय."

डॉक्टरीणबाईंनी मिरीला तपासलं आणि पुन्हा एकदा येऊन दाखवायला सांगितलं. नंतरच्या तपासणीत पिल्लं नाहीत हे नक्की झालं. माज ओसरला, फाटकाबाहेरची सभा मोडली. महिन्या-दीड महिन्याने मिरीने नवीनच सुरू केलं. घरातले मोजे गोळा करून पलंगाखाली नेले आणि त्यांना पोटाशी धरून बसली. थोरली दचकली, पण डॉक्टरीणबाईंनी फोनवरच सांगितलं की पिल्लं नसताना पिल्लं असल्यासारखं वागणं हे पाळीनंतर बऱ्याच माद्यांमध्ये होतं. फार कौतुक करू नका, मोजे हळूच कमी करा, फिरायला जास्त न्या, दूध उतरून दुखू लागलं तर घेऊन या.

फिरायला नेण्याचं काम आईने मागून घेतलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पट्टा. आधी कोपऱ्यापर्यंत, मग शाळेपर्यंत. मिरी तिच्या चालीने चालायची, ओढायची नाही. पलंगाखालचे मोजे एकेक करून परत कपाटात आले.

हिवाळ्यातली परीक्षा मिरी पास झाली. पहिली आली नाही, शिडीवर जरा कचरली, पण लपवलेली तिन्ही माणसं शोधली. मिरीचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्यायचं की नाही हे थोरलीने तिथेच, साहेबांसमोर ठरवलं नाही. घाई नव्हती. डॉक्टरीणबाईंशी बोलून, मिरीच्या दोन पाळ्यांच्या मधल्या काळात काय ते बघू, असं तिने सांगितलं आणि साहेबांनी मान डोलावली.

त्यानंतरच्या रविवारी सरावाला एक जवान कमी पडला. आई मिरीला सोडायला आली होती, ती म्हणाली, मी बसते लपून. काका हसले, पण आई ऐकेना. शेवटी तिला ढिगाऱ्याच्या कडेला, सिमेंटच्या एका रुंद पाइपात खुर्ची टाकून बसवलं, वर ताडपत्री ओढली. थोरलीने शिट्टी वाजवली.

मिरीने नाक वर केलं, अर्धी चक्कर मारली आणि ताडपत्रीसमोर जाऊन भुंकू लागली. थोरली पोचली तेव्हा आई आतून कुरकुरत होती.

"इतक्यात? अजून नीट बसलेसुद्धा नव्हते. परत सोड तिला, आणि या वेळी मला जरा अवघड जागा दे."