डच बचाव

ती कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून आलेल्या प्लास्टरच्या साच्यांवर मेणात एकेक दात बसवायचा, हे काम ती एकवीस वर्षं करत होती. आई गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. परगावचा थोरला भाऊ तेवढा रोज मोबाइलवर बुद्धिबळाची एक चाल पाठवायचा. तेच त्यांचं बोलणं.

दादा कायम पांढरे घ्यायचा आणि वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवायचा. तीही समोरून तसंच करायची आणि मग महिनाभर चेंगरत चेंगरत हरायची. "बरी खेळलीस," असं लिहून दादा नवा डाव मांडायचा.

यंदा वाचनालयातल्या पुस्तकात तिला डच बचाव सापडला. काळ्याने राजाच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे काढायचं. आपला राजा जरा उघडा पडतो, पण समोरच्याच्या राजावर चालून जाता येतं. तिने ते प्यादं काढलं.

तासाभरात दादाचा फोन. सात महिन्यांतला पहिला.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. वाचलं."

"कुणी भेटलंय का?"

"अरे, मला दिवसभर दुसऱ्यांचे दात भेटतात," ती म्हणाली.

तो हसला नाही. "बरं," म्हणून त्याने फोन ठेवला.

तेहतिसाव्या चालीनंतर त्याचे दोनच शब्द आले, "सोडला डाव." तिला नाचावंसं वाटलं. पण सांगणार कुणाला?

दुसऱ्या दिवशी चाल आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शेवटी तिने फोन केला, तो वहिनीने उचलला.

"तुमचा डाव मांडायचे तो पट माळ्यावर टाकलाय, ताई. स्वारी रुसलीय."

"पुढच्या वेळी हरते म्हणावं."

"असं सांगितलं तर पट जाळून टाकतील!"

दोघी हसल्या. फोन ठेवल्यावर मात्र तिला घर खायला उठलं.

रविवारी ती वाचनालयाच्या मागच्या खोलीत गेली. तिथे चारपाच जण बुद्धिबळ खेळत बसायचे. एका निवृत्त बस ड्रायव्हरने खुर्चीवरची पिशवी उचलून तिला जागा दिली. दोन डाव झाले, दोन्ही ती हरली. तो फारसं बोलला नाही. निघताना फक्त म्हणाला, "पुढच्या रविवारी?"

"येईन," ती म्हणाली.

अकराव्या दिवशी दादाचा मेसेज आला. त्यात चाल नव्हती. "बरी आहेस ना?" एवढंच.

तिने बराच वेळ लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग नुसतं "हो" पाठवून कामाला निघाली.