निळ्या तारेचं झाड

वाटीत चमचा किणकिणला. दोन दिवस ओकाऱ्यांनी गळालेलं तान्हं आत्ता कुठे निजलं होतं, घर चिडीचूप होतं. तिने वळून पाहिलं, तर सासूबाई पाण्यात पांढरी पूड कालवत होत्या.

"आई, काय हे?"

"चौकातल्या झाडबाबांची राख गं. काल तीनदा चाटवली. गुण आलाय बघ, कसं शांत निजलंय!"

तिने बाळाला हलवलं. ते शांत नव्हतं, मलूल होतं. जीभ कोरडी, मान लुळी. बाळाला छातीशी धरून ती दवाखान्याकडे धावली. मागोमाग सासूबाई आणि त्यांचं बोट धरून पाच वर्षांची थोरली.

"पूड कशाची?" शीर शोधता शोधता डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "कळल्याशिवाय सलाईन कुठलं लावू? लवकर सांगा!"

झाड समोरच्याच चौकात होतं. बाळाला सासूबाईंजवळ ठेवून ती पळाली. भोवती ही गर्दी! बाबा पानं झटकत होता, ओंजळीत पांढरी पूड पडत होती.

"पान रात्री कोरडं, सकाळी राखेने माखलेलं! घ्या, मुतखडा घ्या, मूळव्याध घ्या..."

"घ्या नाही, घालवा म्हणा बाबा!" किराणावाला हसला, पण हात त्याचाही पुढेच होता.

तिने पान चाटलं. खारट. पण नुसतं मीठ, की आणखी काही? तेवढ्यात बुंध्याला गुंडाळलेली निळी तार दिसली आणि तिने ती ओळखली. कामाच्या रोपवाटिकेत ती स्वतः शेकडो रोपांना खारं पाणी घालायची. बरीचशी रोपं करपायची. तगलेल्या मोजक्यांना निळी तार बांधायची, त्यांचंच बी खारवट जमिनींसाठी ठेवायचं. "सावलीला हवंय," म्हणाला म्हणून यातलंच एक रोप तिनेच बाबाला दिलं होतं.

"बाबा, बुंध्याजवळच्या या घागरीतलं पाणी प्या."

"ते झाडाचं आहे, बाई!"

किराणावाल्याने बोट बुडवून चाखलं. "थू! हे तर आपल्याच दुकानातलं जाडं मीठ. म्हणून रोज दोन किलो न्यायचा होय!"

"रोज खारं पाणी पाजलं, की हे झाड जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं," ती गर्दीकडे वळून म्हणाली. "वाळलं की ही पूड. झाडाला ते जमतं, माझ्या बाळाला नाही जमत हो! लेकराच्या तोंडात काही घालण्याआधी एकदा स्वतः चाखा, चार प्रश्न विचारा. डोकं गहाण टाकू नका!"

ती धावत परतली. "मीठ! नुसतं मीठ!"

डॉक्टरीणबाईंनी त्यानुसार सलाईनची बाटली लावली. "आता संध्याकाळपर्यंत वाट पाहायची."

सासूबाई कोपऱ्यात तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. तिने बाळाची मूठ हातात धरली. थोरली थेंब मोजत होती. मध्येच थांबली.

"आई, तुझी ती करपलेली रोपं... त्यांचं काय चुकलं होतं गं?"